खालची ओळ

विहीणबाई नोव्हेंबरच्या शेवटी आल्या. विमानतळावरून घरी पोचल्यावर त्यांनी पहिली बॅग उघडली, तिच्यात कपडे नव्हतेच. लिनोलियमचे तुकडे, कोरायच्या पात्या, शाई लावायचा रूळ आणि जाड कागदाचे गठ्ठे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं, ते नाताळ होईपर्यंत सोडलं नाही. महिनाभर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यामुळे मला तोंडावर बोलायची सवय आहे, पण विहिणीला काय बोलणार? त्यातून मी वरमाय. गप्प बसून आब राखला.

मुलगा वेल्समध्ये शिकायला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून तिला पुण्याला घेऊन आला. आता दोघं कोथरूडला आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मे महिन्यात नात झाली. तिच्या पहिल्या नाताळासाठी विहीणबाई मुद्दाम आल्या होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. माझं इंग्रजी सरकारी पत्रासारखं, त्यांचं हेल काढून गायल्यासारखं. पहिल्याच आठवड्यात मी शेजारणीला त्यांची ओळख ‘आमच्या इंग्लंडच्या विहीणबाई’ अशी करून दिली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग मी घरी गेल्यावर तुम्हाला मद्रासच्या म्हणून सांगू का?” ही बाई पुण्यात रुळणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

त्या भेटकार्डं छापत. लिनोवर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, कागद दाबायचा, आणि खाली त्यांच्या भाषेतला एकच शब्द. तिकडे डिसेंबरभर गावोगाव जत्रेसारखे बाजार भरतात, तिथे त्यांचं हे दुकान वीस वर्षं लागत होतं. आमच्या सोसायटीतही हल्ली नाताळाच्या आधीच्या रविवारी पार्किंगमध्ये बाजार भरतो. केक, मेणबत्त्या, आणि त्यांच्याच शेजारी भाजणी नि आवळा सुपारी. सुनेनं आईसाठी एक टेबल घेतलं. मी पाटी लिहिली : ‘शब्दाचा अर्थ सांगितला जाईल. एकदाच.’

अर्थ सांगून सांगून माझाच घसा बसला. सेरेन म्हणजे तारा. केलिन म्हणजे ती काटेरी पानांची, लाल फळांची फांदी. अन्रेग म्हणजे भेट. शॉन कॉर्न म्हणजे धुराड्यातून उतरणारा त्यांचा सांता. बर्फाचं कार्ड सगळ्यांत जास्त खपलं. ज्यांनी फ्रीजबाहेर बर्फ पाहिलेला नाही, त्यांनी ते हौसेनं नेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ताऱ्याची सहा कार्डं घेतली. “तारा तो ताराच. दिवाळीलाही चालतील,” म्हणाले.

एका कार्डावर टेकडी, खिडक्या उजळलेलं छोटंसं चर्च आणि वर चंद्रकोर होती. खाली शब्द होता ‘प्लगाइन’. ते मात्र कुणी उचलेना. आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ते हातात घेतलं आणि विचारलं, “हे काय?” त्या टेबलावर एवढा एकच अर्थ मला येत नव्हता. विहीणबाईंनी सांगितला.

कोंबडा आरवायची वेळ, असा त्या शब्दाचा अर्थ. त्यांच्या डोंगराळ भागात नाताळाच्या सुमारास भल्या पहाटे लोक चर्चमध्ये जमत आणि गात. हल्ली बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी जमतात, पण त्यांच्या गावानं पहाट सोडलेली नव्हती. आमच्याकडे काकडआरतीला जमतात तसं, असं मला वाटलं. पण पुढचं ऐकून आम्ही दोघी चाट पडलो. तिथे कुणी नावं पुकारत नाही. सूत्रसंचालन नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. सगळे बाकांवर बसलेले असतात. मग एक घर आपणहून उठतं, पुढे जाऊन आपलं गाणं म्हणतं आणि परत येऊन बसतं. टाळ्या नाहीत. थोड्या वेळानं दुसरं घर उठतं. प्रत्येक घराचं गाणं ठरलेलं, आजोबा-पणजोबांच्या हातच्या वहीतलं. एकाचं गाणं दुसरा म्हणत नाही.

“आभारप्रदर्शनसुद्धा नाही?” अध्यक्षबाईंनी कळवळून विचारलं.

“तुमचं घर कितवं उठायचं?” मी विचारलं.

विहीणबाई कार्डांचा गठ्ठा उगाच नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, “घर म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. एवढीच आमची गाणारी पार्टी. चाळीस वर्षं दोघी मिळून गायलो. मार्चमध्ये ती गेली. यंदा कुणाबरोबर उभी राहू? म्हणून तर इथे आले.” नातीनं ते गाणं एकदा तरी ऐकावं, एवढी त्यांची इच्छा होती. सुनेला गळा नाही, हे ती स्वतःच सांगते. म्हणजे ते गाणं आता एकट्या यांच्याकडेच उरलं होतं. “पण एकटीनं ते होत नाही,” त्या म्हणाल्या. “खूपदा करून पाहिलं. तोंड उघडते आणि होत नाही.”

हे ऐकून मी गप्प बसले असते तर मी कसली? एकटीनं होत नाही ना, मग आम्ही अकराजणी आहोत की. आमचं मंडळ दर गुरुवारी जमतं, पेटी मी वाजवते. माझा कान तयार आहे अशी माझी ख्याती आहे आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हात आहे. नाताळाच्या पहाटे विहीणबाईंना त्यांचं गाणं म्हणून चकित करायचं, असा बेत मी अध्यक्षबाईंच्या गळी उतरवला. “देवाचंच आहे ना? मग चालेल,” त्या म्हणाल्या.

शब्द सुनेनं आजोबांच्या वहीतून देवनागरीत उतरवून दिले. चाल मी चोरली. विहीणबाई बाळाला मांडीवर थोपटताना, कार्डं वाळत घालताना तेच गुणगुणत. मी भाजी निवडायच्या निमित्तानं जवळ बसून सरगम टिपून घेई. खरं सांगायचं तर चाल मला अगदीच सपक वाटली. एकाच सुरावर रेंगाळायची, जरा वर जायला लागली की परत खाली, आणि ऐन जोराच्या जागी मिळमिळीत. अशा गाण्यासाठी हे लोक थंडीत पहाटे उठतात? असं मी घरी बोलूनही दाखवलं. पण आपल्याला काय, त्यांच्या समाधानासाठी म्हणायचं.

मग तालीम. त्यांच्या भाषेत एक उच्चार आहे, जीभ टाळूला लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. आमच्या अध्यक्षबाईंना आपल्या ‘ळ’चा फार अभिमान, त्यांना वाटलं, तोच असणार. चार दिवस सगळ्याजणी मांजर हुसकावल्यासारखे आवाज काढत होत्या. झांजा वाजवू नका, हे मी तीनदा बजावलं. पण सूर मात्र पक्के बसवले. आम्ही भजनात अकराजणी गातो तेव्हा अकराही एकच ओळ गातात. दोघी मिळून गाणं याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे माझ्या तयार कानाच्या स्वप्नातही आलं नाही.

पंचवीस तारखेला पहाटे साडेपाचला सोसायटीच्या छोट्या हॉलमध्ये जमलो. सगळ्याजणी स्वेटर-शालींत, एकीला तर कानटोपीसुद्धा. विहीणबाईंना फक्त ‘खाली या’ एवढंच सांगितलं होतं. त्या बाळाला गुंडाळून घेऊन आल्या, मागून सून. मेणबत्त्या आणि सतरंजी पाहून त्या दारातच थांबल्या. मग काही न विचारता येऊन आमच्यातच बसल्या.

अध्यक्षबाई सवयीनं उठल्या आणि “आज या ठिकाणी” एवढं बोलल्याही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बसल्या. त्यांना ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

मग कुणीच काही बोललं नाही. अशी शांतता आमच्या मंडळात कधी झाली नव्हती. बऱ्याच वेळानं आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाई उठल्या, आईकडून शिकलेली भूपाळी म्हटली आणि खाली बसल्या. टाळी नाही. मला वाटलं, हे बरं आहे. मग मी मान हलवली आणि आम्ही अकराजणी उठलो. पेटी घ्यायची नव्हती. मी सूर दिला आणि आम्ही ते वेल्श गाणं सुरू केलं.

पहिल्या दोन शब्दांतच विहीणबाईंचा चेहरा उजळला. आणि लगेच बदलला. भुवया आक्रसल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या हसताहेत की रडताहेत ते मला दिसेना, पण काहीतरी चुकलंय हे दिसलं. उच्चार? सूर? पहिलं कडवं संपत आलं. आपण दुसऱ्याच्या घरच्या गाण्यात विनापरवानगी शिरलो, मेलेल्या माणसाच्या आठवणीत चपला घालून फिरलो, असं वाटायला लागलं. थांबावं, माफी मागावी. पण अकराजणींना मध्येच कसं थांबवणार? दुसरं कडवं सुरू झालंसुद्धा.

आणि विहीणबाई उठल्या. बाळ खांद्यावर, डोळे मिटलेले. त्या गायला लागल्या, पण आम्ही गात होतो ते नाही. शब्द तेच, सूर वेगळेच. आमच्या वर, कितीतरी वर. मला आधी रागच आला. चारचौघांत अशी चूक दाखवतात का? माझ्या मागच्या दोघी बावरल्या आणि त्यांच्यामागे वर जायला निघाल्या. मीही सूर सोडायच्या बेतात होते. तेवढ्यात विहीणबाईंनी डोळे उघडले, मोकळा हात आमच्याकडे केला आणि तळवा खाली दाबला. तिथेच राहा. हलू नका.

आम्ही राहिलो. आणि मग मला ऐकू आलं. आमची ती मिळमिळीत, रेंगाळणारी चाल जिथे जिथे थांबत होती, तिथून तिथून वरची चाल निघत होती. आम्ही थांबलो म्हणून ती चढत होती. मी महिनाभर फोनवर बोलणाऱ्या बाईचं एका बाजूचं बोलणं ऐकलं होतं आणि वर म्हणत होते की हिच्या बोलण्यात काही अर्थ नाही. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून!

गाणं संपलं. सगळ्याजणी बसल्या. बाळ जागं होतं आणि आजीचं कानातलं ओढत होतं.

चहाच्या वेळी मी विहीणबाईंच्या शेजारी बसून सरळ माफी मागितली. म्हटलं, मी तुमची चाल चोरली, तीही अर्धीच.

“ती माझी ओळ होती,” त्या म्हणाल्या. “खालची. वरची बहिणीची. खरी चाल ती, मी नुसती आधाराला. ती गेल्यावर मी तिची ओळ म्हणून बघायची. दोन शब्द झाले की तोंड आपोआप खाली उतरायचं. चाळीस वर्षांची सवय. आज खाली उतरायला गेले, तर तिथे तुम्ही अकराजणी उभ्या. जागाच नव्हती.” त्यांनी कप खाली ठेवला. “मार्चपासून मला तिचा आवाज आठवत नव्हता. फोटो दिसायचा, आवाज नाही. आज ऐकला.”

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

अध्यक्षबाई मात्र चुकलेलं सुधारायच्या घाईत होत्या. “मग आता ती वरची चाल आम्हाला कधी शिकवता?” त्यांनी मराठीतच विचारलं. सुनेनं ते आईला सांगितलं.

विहीणबाईंनी मान हलवली. नम्रपणे, पण स्पष्ट ‘नाही’. “ती हिची,” म्हणाल्या आणि बाळाच्या पाठीवर हात ठेवला. “ही मोठी होईपर्यंत मी म्हणेन.”

ते बरोबरच होतं. ज्याच्या घरचं त्याच्या घरी राहावं. आम्ही हौसेनं आलो होतो, आता बाजूला व्हायला हवं, असं मनाशी म्हणत मी रिकामे कप गोळा करायला लागले. तरी राहवेना, म्हणून विचारलं, “आणि तुमची? खालची कोण म्हणणार?”

विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. जणू मी अगदीच खुळ्यासारखं काहीतरी विचारलं होतं.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या. “घरात दुसरं आहे कोण?”