टिटवीच्या भरवशावर त्रुको

उरुग्वेतल्या मेलो गावात वाल्देमारचं सलून आहे. हात गिऱ्हाइकाच्या केसांत आणि डोकं पत्त्यांत, असा हा माणूस. ओविदियो त्याचा त्रुको या पत्त्यांच्या खेळातला कायमचा जोडीदार. त्रुकोत हातात काय आलंय ते जोडीदाराला खुणेने कळवायचं, भुवई उचलून, ओठांचा चंबू करून, आणि समोरच्या जोडीला पत्ता लागू द्यायचा नाही. पण ओविदियो लेकीकडे स्पेनला राहायला गेला आणि डावच मोडला. इंटरनेटवरच्या त्रुकोत नुसते पत्ते.

"तोंडंच नाहीत, तर लबाडी कुठून करायची?" ओविदियो फोनवर करवादला.

वाल्देमारला हौसेपुरते प्रोग्रॅम लिहिता यायचे. तोंडं असलेला त्रुको आपणच बनवायचा, असं त्याने मनावर घेतलं. शोधता शोधता त्याला 'तेरो' सापडलं. गेम बनवायचं हे इंजिन फुकट होतं, जुन्या लॅपटॉपवर चालायचं आणि हाताने काढलेले चेहरे झकास हलवायचं. तेरो म्हणजे टिटवी. काही चुकलं की ते टिटवीसारखंच कोकलायचं. अडचण एवढीच, की त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं.

रविवारी मेहुणा एदिसोन जेवायला आला. तो मोंतेविदेओत कॉम्प्युटर कंपनीत होता. निखाऱ्यांवर मांस परतता परतता वाल्देमारने विषय काढला.

"दाजी, हे वापरतं कोण?" एदिसोनने फोनवर चाळून बघितलं. "बोटावर मोजण्याइतकी माणसं, त्यातली निम्मी एकाच आडनावाची. घरचंच कार्य दिसतंय."

"चालतं ना पण."

"आज चालतंय. उद्या बनवणारा कंटाळला, की बसा टिटवी कुरवाळत. सगळं जग वापरतं ते मोठं इंजिन शिका."

"ते माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही. दोन दाढ्या होतात तरी आपलं चक्र फिरतंय."

"मग लॅपटॉप बदला."

वाल्देमारची बायको सुली सॅलड घेऊन आली होती. ती भावाला म्हणाली, "मला नवरा बदल म्हणालास तर एक वेळ परवडेल. लॅपटॉप नाही परवडायचा."

हसण्यावारी गेलं, तरी मेहुण्याचं बोलणं वाल्देमारच्या डोक्यात भुणभुणत राहिलं. दुपारच्या झोपा मोडून शिकायचं आणि ते बंद पडलं तर? शेवटी त्याने ठरवलं, आधी एकच चेहरा करून बघू. अडलो तर कुणी विचारतं का, तेही कळेल.

त्याने ओविदियोचा चेहरा काढला. भुवई उचलायला सांगितली, तर दोन्ही भुवया कपाळ ओलांडून टकलावर जाऊन बसल्या. टिटवी कोकलली. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. माहितीपुस्तिका नेमकी तिथेच संपली होती: 'पुढचं लिहायचं आहे.' वाल्देमारने तेरोवाल्यांच्या मंचावर आपलं नाव-गाव आणि कुठल्या पत्त्याला ही भुवई हवी ते लिहून प्रश्न टाकला आणि आशा सोडली.

संध्याकाळी उत्तर आलं. 'चूक तुमची नाही, माझी. दुरुस्त केलीय. आणि त्या पत्त्याला भुवई नसते, नाक मुरडतात. तुम्ही मेलोवाले काय वाट्टेल ते खेळता.' लिहिणारी होती नेलिदा, ताकुआरेम्बो गावातली गुरांची डॉक्टर. तेरो तिनेच बनवलं होतं.

नाक की भुवई, यावर भांडायला वाल्देमारने नंबर मागून घेऊन तिला फोन लावला. भांडण संपल्यावर त्याने विचारलं, "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. हे शिकण्यासारखं आहे का?"

"नोकरी हवी असेल तर अजिबात नाही. गाई-घोड्यांतून सवड मिळाली, की मी यात लक्ष घालते. उद्या मला जमेनासं झालं तर ज्याला हवं त्याने पुढे न्यावं, म्हणून सगळं खुलं ठेवलंय. याहून जास्त शब्द मी देत नाही."

फोन ठेवून वाल्देमार सुलीला म्हणाला, "शिकतो. लबाडीचा खेळ बनवायला माणूस तरी सरळ भेटला."

हिवाळा त्यातच गेला. पहिल्या डावाला सगळे आपापल्या पडद्यासमोर बसले, एका बाजूला वाल्देमार आणि ओविदियो, समोर नेलिदा आणि 'बघू तरी' म्हणत आलेला एदिसोन. पडद्यावरच्या ओविदियोने ओठांचा चंबू केला. मोठा पत्ता आला असं समजून वाल्देमारने बेधडक डाव वाढवला आणि सपशेल आपटला.

"अरे, होतं काय तुझ्या हातात?"

"काही नाही. त्यांना फसवत होतो."

"फसलो मी."

"ते जाऊ दे," ओविदियो स्पेनमधून म्हणाला. "माझ्या मिशा एवढ्या पांढऱ्या का काढल्यास?"

नेलिदा हसत सुटली. एदिसोन मात्र पडद्याजवळ तोंड नेऊन बघत होता. "दाजी, ते ओठांचं कसं जमवलंत?" त्याने हळूच विचारलं.

"सांगतो नंतर," वाल्देमार म्हणाला, "आधी पत्ते वाट."