हुकांवरचा शेंदूर

आमच्या अंबरपेठेतल्या कारखान्यात सव्वीस वर्षं रंगाची गन धरणाऱ्या माणसाला मी चार लोकांसमोर नालायक ठरवलं, आणि चूक माझी होती. हे एक वाक्य कागदावर यायला तीन आठवडे गेले. आता बाकीचं लिहिते.

कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. तिथे लोखंडी सामानाला पावडर कोटिंग होतं. खिडक्यांच्या जाळ्या, शाळेच्या बाकांचे सांगाडे, दवाखान्यातल्या खाटा असलं सामान येतं. हे, म्हणजे माझे यजमान, आषाढात वारले. त्यांच्यामागे कारखाना विकावा असं माझ्या दिरांचं मत होतं. मी ऐकलं नाही. तारनाक्याकडच्या एका ग्रंथालयातली माझी नोकरी संपून वर्ष झालं होतं, आणि काचीगुड्याच्या घरात दिवसभर एकटीने बसणं मला जमत नव्हतं. सकाळी दहाला मी कारखान्यात जाऊन यांच्या खुर्चीत बसायला लागले.

काम मला येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. मला तेवढंच येतं. रंगाची कोरडी पूड गनमधून उडते तेव्हा गनच्या टोकाशी साठ-सत्तर हजार व्होल्टचा दाब असतो. त्यातून जाताना पुडीचा कण न् कण विजेने भारला जातो. समोर टांगलेलं लोखंड जमिनीशी जोडलेलं असलं की कण त्याच्याकडे ओढले जातात, वळसा घालून पाठीमागेही जाऊन बसतात. मग तो माल भट्टीत जातो आणि पूड वितळून पक्की होते. पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या सदऱ्यांच्या शिवणीतून मी ही पूड झटकत आले, त्याच्याकडून यातलं काहीच ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

गन धरायचे ते चाचा. यांच्यापेक्षा वयाने थोडे मोठे, कमी बोलणारे. तोंडावरचा रुमाल सोडून ते फक्त चहासाठी बसत. भट्टीवर एक तेलुगू माणूस होता, आणि माल बांधायला एक बाई. एवढीच माणसं.

दसरा आला. शस्त्रपूजेची शेंदराची वाटी दर वर्षी मी घरून तयार करून द्यायची आणि हे कारखान्यात नेऊन लावायचे. माझ्या सासरी मराठवाड्यात शेतीच्या औजारांना जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावायची रीत आहे. नांगराचा फाळ असो की विळा, टिळा लागल्याशिवाय त्या दिवशी कोणी औजाराला हात लावत नसे. यंदा पूजा मी करावी की नाही यावर घरात थोडी कुजबुज झाली. जाऊबाई म्हणाल्या, कामगारांच्या हातून करून घ्या. मी कुणाच्याही हातून करून घेणार नव्हते. मी स्वतः गेले.

गन, ती जिथे उडवतात तो बूथ, भट्टीचं दार, सगळ्यांना टिळे लावले. मग हुक घेतले. माल ज्यांनी आडव्या नळीवर टांगतात ते दोन्हीकडून वाकवलेले हुक, शंभराच्या वर असतील. वरच्या वाकाशी, जिथे हुक नळीवर बसतो, तिथलं लोखंड घासून घासून चकचकीत झालेलं असतं. मला तीच जागा शोभेशी वाटली. एकेक हुक हातात घेऊन मी त्या वाकाला बोटभर शेंदूर भरला. नळीच्या वरच्या कडेवरही एक लांब पट्टा ओढला. चाचा दाराशी उभे राहून पाहत होते. मला वाटलं, मान म्हणून उभे आहेत.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी बाकांच्या सांगाड्यांचं काम सुरू झालं. माल एका कॉन्ट्रॅक्टरचा, शाळेसाठी. पहिल्या दिवशी चाचा टेबलाशी आले आणि म्हणाले, माल में करंट भर रा, हात को झटका मारता. मी पुस्तकात वाचलं होतं त्यावरून अर्थिंगचा खड्डा वाळला असेल असं सांगितलं आणि त्यात पाणी टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हुक एकदा बघता का. हुक तर उन्हाळ्यातच नवे आणलेत, मी म्हणाले. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत बूथकडे गेले. तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं आता वाटतं.

आठवड्याने कॉन्ट्रॅक्टर माल घेऊन परत आला. सांगाड्यांची पुढची बाजू ठीक होती. पाठीमागे मात्र रंग इतका विरळ की लोखंड दिसत होतं, आणि कोपऱ्यांत तर नव्हताच. त्याने एक सांगाडा माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाला, "सेठ असताना असा माल गेला असता का, मॅडम?"

यांचं नाव निघालं आणि माझा तोल गेला. मी खुर्चीतून उठले. भट्टीवाला होता, बाई होती, कॉन्ट्रॅक्टर होता. सगळ्यांसमोर मी चाचांना म्हणाले, "चाचा, अब आपके हात में वो काम नहीं रहा. आँखें दिखा लो."

आवाज मी चढवला नव्हता, मला तसं बोलताच येत नाही. चाचांनी गन जागेवर टांगली, तोंडावरचा रुमाल सोडून त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. सलाम केला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मला वाटलं, राग उतरला की येतील. आठ दिवस झाले तरी आले नाहीत.

भट्टीवाल्याने गन हातात घेतली, तर त्याच्या हातूनही तेच होऊ लागलं. पूड सांगाड्याला चिकटायच्या ऐवजी जमिनीवर ओघळायची. शेवटी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने खड्डा पाहिला, तांब्याची पट्टी तपासली, ती नळीला जिथे जोडलेली होती तो सांधाही पाहिला. सगळं ठीक. मग मीटरची एक सुई पट्टीला लावली आणि दुसरी टांगलेल्या सांगाड्याला. मीटर गप्प. सांगाड्यावरून सुई हुकावर नेली, तरी गप्प. त्याने हुकाच्या वरच्या वाकावरचा लाल थर सुईच्या टोकाने खरवडला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि मीटर वाजलं.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, हा ऑइलपेंट कोणी लावला? जवसाचं तेल वाळलं होतं आणि हुक मालाबरोबर भट्टीत जाऊन येत असल्यामुळे तो थर भाजून दगडासारखा झाला होता, त्यातून वीज पुढे जमिनीकडे जात नव्हती. लोखंड जमिनीशी जोडलेलं असावं, असं पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. ते कशाच्या आधाराने जोडलेलं असतं, हे मी शोधलं नव्हतं. आणि चाचांनी हुकच बघायला सांगितले होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अंबरपेठेतच, मुसी नदीच्या बाजूला उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्या. त्यांच्या सुनेने खुर्ची दिली, चहा आणला. मी झालेलं सगळं सांगितलं. चाचा खाली पाहत ऐकत होते. त्यांना हे नवं नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर खरवडून का नाही टाकलं?

"पूजा का था, भाभी. आप अपने हात से लगाए. नया-नया दुख आपका. मैं कैसा घिसूँ?"

मग त्यांनी हळूहळू जे सांगितलं ते मी आजही नीट पचवू शकलेले नाही. हे दर वर्षी एकाच हुकाला टिळा लावत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो हुक स्वतः घासत. चाचांनाही हात लावू देत नसत. एकदा चाचांनी पाहिलं तेव्हा हे हसून म्हणाले होते, "घर में नक्को बोलना."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे लवकर का जातात, असा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता. मी दिलेल्या वाटीतला शेंदूर ते लावत होते आणि मला कळू न देता पुसत होते. माझं मन राखायला, हे समजतं. तरी मला वाईट वाटलं. मला सांगितलं असतं तर मी समजून घेतलं नसतं का? आता हे विचारायला माणूस नाही.

मी चाचांची माफी मागितली. त्यांनी हात जोडून मला थांबवलं. मग मी विचारलं, परत येता का? ते म्हणाले, "आप सबके सामने बोले थे."

ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, दाराच्या आत येऊन उभे राहिले. मी भट्टीवाल्याला आणि बाईंना बोलावलं आणि सांगितलं, की चूक हातांची नव्हती, डोळ्यांची नव्हती, माझ्या शेंदराची होती. मग फोनचा स्पीकर चालू करून कॉन्ट्रॅक्टरला तेच सांगितलं. तो म्हणाला, "जाने दो मॅडम, वो सब छोडो, माल कब दे रे?" बाई हसल्या. चाचांच्याही ओठांच्या कडा हलल्या, एवढंच.

मी पॉलिश पेपर आणायला सांगितला. भट्टीवाल्याने आणून टेबलावर ठेवला आणि लांब झाला, त्याला पूजेचा शेंदूर घासायचा नव्हता. मी पहिला हुक घासायला घेतला. वेळ लागतो, थर सहज निघत नाही. दहाएक हुक आणि नळीचा थोडा भाग साफ झाल्यावर चाचांनी एक सांगाडा टांगला, रुमाल बांधला, गन उचलली. पूड गेली आणि पाठीमागे वळून बसली. त्यांनी सांगाडा फिरवून भट्टीवाल्याला दाखवला, अंतर किती ठेवायचं, मनगट कसं फिरवायचं ते त्याला समजावलं. तेव्हा मला समजलं की ते शिकवून जाणार आहेत.

दुसऱ्या एका कारखान्यात त्यांनी शब्द दिला होता. हात धुऊन ते टेबलाशी आले आणि तेवढं सांगितलं. अडलं तर बोलवा, असंही म्हणाले. मी हो म्हणाले. थांबा म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

ते गेल्यावर मी पुन्हा खाली बसले. शंभराच्या आसपास हुक अजून उरले होते. दुपारपर्यंत मी एकटीच ते घासत होते. मधून मधून भट्टीवाला येऊन साफ झालेले हुक घेऊन जायचा आणि त्यावर सांगाडे टांगायचा. बोटांच्या पेरांना लाल पूड लागली होती, नखांतही गेली होती. ती मी पुसली नाही, कारण पुढचा हुक हातात होता.