अमेरिकेचं बिल आणि यिशुनची खोली

रोज एकाच टेबलावर जेवणारी माणसं असली, की किस्से जमवावे लागत नाहीत. खरकट्यासारखे आपोआप मागे राहतात. मला संध्याकाळी रोजनिशी लिहायची सवय. मुद्दाम काही शोधत नाही, जेवताना कोण काय बोललं तेवढं लिहितो. परवा जुनी पानं चाळताना लक्षात आलं, की त्या दिवसांत आम्ही तिघं ना आपल्या देशाबद्दल बोललो, ना राहत होतो त्या देशाबद्दल. बोललो ते फक्त अमेरिकेबद्दल, जिथे आमच्यापैकी कोणी कधी राहिलेलं नव्हतं!

आमचं ऑफिस सिंगापूरमध्ये, हार्बरफ्रंटला. एका अमेरिकन विमा कंपनीकडे येणारी हॉस्पिटलची बिलं आम्ही इथे बसून तपासायचो. टेबलावर मी, परचुरे आणि पुण्याहून नुकतीच आलेली स्नेहल. परचुरे माझ्याहून थोडे मोठे. पत्नी वारल्यापासून यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये एकटे. मी त्यांच्या शेजारच्या इमारतीत, एका चिनी जोडप्याकडे खोली घेऊन. बायको आणि मुलगा नाशिकला.

२००९ साली तिकडे नव्या अध्यक्षांनी सगळ्यांना विमा मिळावा म्हणून कायद्याचा घाट घातला, आणि इकडे आमच्या टेबलावर दोन पक्ष पडले. स्नेहल कायद्याच्या बाजूने. परचुरे विरोधात, तेही टेबल ठोकून!

एकदा आवाज इतके चढले, की आम्ही जेवायचो त्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतली, कॉफीवाली आंटी फडकं घेऊन धावत आली. "अंकल, हू डाय?"

"नोबडी," मी म्हणालो. "अमेरिकेच्या इन्शुरन्सबद्दल बोलतोय."

"यू ऑल स्टे अमेरिका, आह?"

"नो."

"देन शाउट फॉर वॉट?" असं म्हणून तिने परचुऱ्यांसमोरचा कप उचलला. तो अजून अर्धा भरलेला होता!

* * *

दिवसभर दुसऱ्यांची बिलं मंजूर-नामंजूर करून माणसाला सवय लागते. परचुऱ्यांचा पाय बाजारात मुरगळला. मी त्यांना यिशुनच्या पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेलो. नर्स पायाला हात लावणार, तेवढ्यात परचुऱ्यांनी तिला थांबवलं. "आधी अप्रूव्हल नंबर सांगा."

ती बघतच राहिली. "अंकल, युअर ओन लेग. नो नीड अप्रूव्हल, लाह."

दुसऱ्या दिवशी ते लंगडत जेवायला आले आणि बसल्या बसल्या सुरू झाले. "सरकारने माणसाच्या औषधपाण्यात पडूच नये!"

स्नेहलने शांतपणे विचारलं, "काका, पाय कुठे दाखवलात?"

"पॉलिक्लिनिकला."

"ते कोणाचं?"

परचुऱ्यांनी नूडल्सचा घास संपवला. "सरकारचं. म्हणूनच इतका वेळ बसवून ठेवलं!"

* * *

परचुऱ्यांची मुलगी मुग्धा ओहायोला. इथेच वाढली, शिकायला तिकडे गेली आणि तिकडेच राहिली. शाळेत असल्यापासून तिला मधुमेह, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. मंदीत नोकरी गेली, नोकरीबरोबर विमाही गेला. आता नवा विमा द्यायला कोणी तयार नाही, कारण आजार आधीपासूनचा.

एका कंपनीचं नकाराचं पत्र तिने फोनवर वाचून दाखवायला घेतलं. मी परचुऱ्यांशेजारीच बसलो होतो. तिने पहिलं वाक्य सुरू केलं आणि हे पुढचं धडाधड बोलू लागले. कुठे स्वल्पविराम येतो तेही बरोबर! कंपनी आमची नव्हती, पण या धंद्यात सगळ्यांचा मजकूर एकच.

पलीकडे मुग्धा वाचायची थांबली. मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

"छे गं!" परचुरे जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "आमच्यात दिलगिरी पहिल्याच ओळीत असते."

* * *

मग या माणसाचा कायद्याला विरोध का? स्नेहलला ते कोडं पडलं होतं. मला ते एका रविवारी फर्निचरच्या दुकानात समजलं.

बाप-लेकीचं ठरलेलं होतं. कायदा झाला, तर मुग्धा तिकडेच राहणार आणि तिच्या मनात होतं ते केकचं दुकान काढणार. (मधुमेह असलेल्या मुलीने केक विकायचे! पण ती लहानपणापासून हट्टी.) कायदा पडला, तर मात्र ती यिशुनला बाबांकडे परत येणार. इथे नोकरी बघता येईल, औषधही परवडेल. म्हणजे तिकडचे खासदार 'नाही' म्हणाले की इकडे परचुऱ्यांच्या घरात माणूस येणार!

तिच्या खोलीसाठी पलंग घ्यायचा म्हणून ते मला घेऊन गेले. "जोग, गादी दोघांनी बघितलेली बरी. माझी पाठ आता कशावरही दुखते." म्हणून आम्ही दोघे पन्नाशी उलटलेले गृहस्थ बूट काढून एका डबलबेडवर उताणे पडलो. छताकडे बघत परचुरे विचारत होते, "मऊ वाटते का? तिला फार मऊ चालत नाही."

विक्रेता बराच वेळ अदबीने उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "अंकल, टू सिंगल ऑल्सो हॅव."

* * *

आमच्या कंपनीचा अमेरिकेतला साहेब डग अधूनमधून सिंगापूरला यायचा. कायद्याचा कट्टर विरोधक. परचुऱ्यांचं भाषण ऐकून त्याने त्यांचा हात गच्च धरला. "यू अंडरस्टँड फ्रीडम, माय फ्रेंड! आमच्या कितीतरी लोकांना हे कळत नाही."

"थँक यू," परचुरे म्हणाले. "परत जाताना एक थर्मास न्याल का?"

थर्मासमध्ये बर्फ आणि इन्सुलिनच्या बाटल्या. इथे ते तिकडच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. डगने डॉक्टरची चिठ्ठी तेवढी मागून घेतली आणि थर्मास मांडीवर घेऊन गेला. आठवड्याने त्याचा फोन आला. "डिलिव्हर्ड. नाइस किड. शी गेव्ह मी केक."

स्नेहल म्हणाली, "काका, अमेरिकेतली सगळ्यात चांगली आरोग्य योजना म्हणजे डग!"

परचुरे खूप हसले. मग त्यांनी विचारलं, "केक कसला होता ते सांगितलं का त्याने?" त्याने सांगितलं नव्हतं.

* * *

हा किस्सा तसा किस्सा नाही. हरी रायाची, म्हणजे ईदची, सुट्टी होती. घरमालकीणबाईंची लेक-नातवंडं आली होती, घरभर गजबज. मी उगीच मेट्रोत बसलो, धोबी घाट स्टेशनला गाडी बदलली आणि सवयीने हार्बरफ्रंटला उतरलो. हॉकर सेंटरमध्ये आमच्या टेबलावर परचुरे एकटेच बसलेले. समोर ताट, आणि बाकीच्या तिन्ही खुर्च्यांवर टिशूचं एकेक पाकीट. इथे जागा धरायची ती पद्धत. पाकीट दिसलं की त्या खुर्चीवर कोणी बसत नाही.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. पण टेबल भरलेलं दिसतं."

मग एक पाकीट खिशात टाकून म्हणाले, "बसा. तुमचीच होती ती."

* * *

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिकडे एका राज्यातली पोटनिवडणूक अध्यक्षांचा पक्ष हरला, आणि सगळे म्हणू लागले, संपलं, कायद्याचं बिल मेलं! डगचा ईमेल आला, नुसती उद्गारचिन्हं.

स्नेहलने हार मानली. "काका, जिंकलात. आता पार्टी!"

परचुऱ्यांनी पार्टी दिली. साटे म्हणजे काडीवर भाजलेलं चिकन, तळलेले मासे, उसाचा रस. स्वतः मात्र काड्या नुसत्या हातात धरून बसले होते.

परतताना मेट्रोत म्हणाले, "काल मुग्धाशी बोललो. म्हटलं, मग कधी येतेस?"

"काय म्हणाली?"

"ओके बाबा."

"मग चांगलंच झालं की!"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "लहानपणी सुई टोचायची वेळ आली की असंच म्हणायची. रडायची नाही. हात पुढे करायची आणि म्हणायची, ओके बाबा."

यिशुन आलं. आम्ही उतरलो. स्टेशनच्या फाटकाबाहेर आल्यावर ते नेहमीसारखे "उद्या" म्हणाले आणि आपल्या इमारतीच्या उलट दिशेने चालू लागले. मी हाक मारल्यावर वळले!

* * *

पण मेलेलं बिल उठून बसलं. मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, म्हणजे तिकडे रविवारी रात्री, मतदान झालं. ऑफिसमध्ये कोणी काम करत नव्हतं; सगळ्यांच्या पडद्यावर आकडेच. थोड्या मतांनी का होईना, बिल पास झालं. आजारी माणसांनाही विमा मिळणार, त्यांच्यासाठी तात्पुरती योजना तर काही महिन्यांतच निघणार.

स्नेहल टाळी वाजवणार होती. तिने परचुऱ्यांकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. ते पडदा बंद करून चष्मा पुसत होते.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मुग्धा. तिचा आवाज इतका मोठा, की मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं. आधी ती ओरडली. मग हसली. मग दुकानासाठी पाहिलेल्या एका गाळ्याबद्दल बोलली. आणि मग थांबून म्हणाली, "पण बाबा, तुम्ही एकटे आहात. मी येते तिकडे. दुकानाचं नंतर बघू. खरंच येते."

परचुरे उठून उभे राहिले.

"येतेस कुठे? जागा कुठे आहे इथे? अगं, ती खोली मी जोगांना दिली! त्यांचं सामानसुद्धा आलं. खोटं वाटतं? हे घे, त्यांनाच विचार."

आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"हो का, काका?" मुग्धाने विचारलं.

स्नेहल माझ्याकडे बघत होती. परचुरे बघत नव्हते.

"हो गं," मी म्हणालो. "परवाच आलो राहायला."