गावात कुठं?

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या डेमू गाडीत एक आबा माझ्यासमोर बसले होते. अमेरिकेत मुलानं घेऊन दिलेले पांढरे बूट सारखे रुमालानं पुसत होते.

"पोराचं तिकडं बारकं शहर हाय. गोरी, काळी, मेक्सिकोची, समदी एकाच दुकानात. मला कोन वळखतंय? जन्मात पहिल्यांदा मोकळा फिरलो. मग एक मराठी कुटुंब भेटलं. आधी आडनाव इचारलं, मग गाव, मग गावात कुठं राहता. पुन्हा काय त्यांनी बोलावलं न्हाई."

पाटसला एक जण चढला, त्यांच्याशेजारी टेकला.

"आबा, कुठलं गाव?"

"वडगाव रासाई."

"गावात कुठं?"

आबांचा रुमाल बुटावरच थांबला. शेजारच्यानं समजल्यासारखी मान हलवली.

आपल्याकडे गप्प राहिलं तरी पत्ता कळतो.