पाडव्याला फोडलेलं पार्सल

आमच्या घरात नवी वस्तू मुहूर्ताशिवाय उघडत नाहीत. शिलाई मशीन आलं तेव्हा ते दसऱ्यापर्यंत पोत्यात होतं. फ्रिज आला तो भर उन्हाळ्यात. अक्षय तृतीयेपर्यंत खोक्यातला फ्रिज आमच्याकडे बघायचा आणि आम्ही माठातलं पाणी पीत त्याच्याकडे. लातूरच्या क्लासेसच्या भागात मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा पहिली मशीनसुद्धा नऊ दिवस चादरीखाली ठेवली होती. त्या नऊ दिवसांत समोरच्यानं मशीन आणून चालूही केली आणि माझं अर्धं गिऱ्हाईक नेलं. त्यातून शहाणा माणूस काहीतरी शिकला असता. मी शिकलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पार्सल आक्कासाठी होतं. आक्का माझी थोरली बहीण. औशाकडच्या एका गावात तिला दिली होती. भूकंपात तिचा नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा घराखाली गेले. तिला दुपारी काढली. तेव्हापासून तिचा एक कान पार गेला आणि दुसऱ्यात, तिच्याच शब्दांत, "विहिरीत कुणी बोलल्यावानी" येतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. तिला घरी आणलं ते मीच, आणि पुढं तीस वर्षं ते मी ज्याला त्याला सांगत आलो.

भूकंपानंतर दोन वर्षं लातुरात लोक पत्र्याखाली झोपत होते. मग क्लासेस आले, गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं आली, आणि पत्र्याखाली झोपणारी तीच माणसं घरावर चौथा मजला चढवायला लागली. आम्ही तीन चढवले. खाली बायकोनं मुलींसाठी मेस काढली. मेस बायकोची, असं बोर्डावर आहे. पहाटेपासून कणकेत हात आक्काचे असायचे. पगार वगैरे काही नव्हता. तिला आधार दिला आहे, असं मी म्हणायचो.

आक्का माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं उचलायची. घरातल्यांचं बरंचसं तिला कळायचं. मेसच्या पोरी ताटाकडे बघत बोलतात, त्यांचं तिला काही लागत नसे. पोरी हसल्या की तीही हसायची, जरा उशिरा. एकदा तिनं मला दुकानात येऊन सांगितलं, "आरं, मला एक मशीन घे कानाची. ह्या पोरी कशाला हसतेत ते मला ऐकायचंय. आपल्याला हसत असल्या तरी चालंल, पर ऐकायचंय." तीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू.

नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की एका कानात अजून जीव आहे, चांगलं यंत्र बसवलं तर उत्तम ऐकू येईल. किंमत ऐकून मलाच काही क्षण ऐकू येईनासं झालं. एसटीत परत येताना मी मोबाइलवर शोधलं. तसंच दिसणारं यंत्र अर्ध्याहून कमीत मिळत होतं. अर्धा रस्ता सरायच्या आत मी ते मागवलं आणि आक्काला खुणेनं सांगितलं की डॉक्टर लुटायला बसलेत, तुझा भाऊ हुशार आहे. तिनं मान हलवली.

पार्सल आलं ते पाडव्याच्या अकरा दिवस आधी. देणारा म्हणाला, "काका, पाच स्टार द्या, आमचं पोट त्याच्यावर हाय." मी तिथंच पाच स्टार दिले. वर लिहिलं, वस्तू उत्तम आहे. खोकं अजून माझ्या काखेत होतं.

बायको म्हणाली, "अहो, निदान फोडून बघा तरी आत काय हाय ते."

"पाडव्याला," मी म्हणालो. "कानात घालायची वस्तू हाय. अमावस्या मधे येती. उगं अपशकुन कशाला?"

"बघायला कसला अपशकुन?"

"तुमच्या माहेरी चालत असंल."

माहेर काढलं की बायको गप्प बसते. आक्कानं खोक्याला हळदकुंकू लावून ते देवापुढं ठेवलं. अकरा दिवस ती सकाळी देवाच्या आधी खोक्याला हात जोडायची. मी ते मेसमध्ये पोरींना सांगून हसवायचो. तीही हसायची, उशिरा.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला आणि मी कात्रीनं पार्सल फोडलं. आतून गळ्यात अडकवायची काळी पट्टी निघाली, तिच्या दोन्ही टोकांना वायर आणि बोंडं. मेसमधली एक मुलगी, किनवटकडची, दोन वर्षं नीटचा अभ्यास करत होती, ती पोळीचं ताट घेऊन तिथंच उभी होती. म्हणाली, "काका, हे तर गाणे ऐकायचे इअरफोन आहेत. चुकीचं आलंय."

"तू तुझी नीट बघ," मी म्हणालो. "गेल्या वर्षी किती मार्क पडले होते तुला?"

तिचं तोंड उतरलं. पोरगी ताट घेऊन आत गेली. मीही मागच्या खोलीत गेलो आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. माल परत घ्यायची मुदत सात दिवसांची होती, ती गेली. शिवाय सर, तुम्ही पाच स्टार दिलेत, वस्तू उत्तम आहे असं लिहिलंय. मी म्हणालो, खोकं देवापुढं होतं. ती म्हणाली, सॉरी सर, मला समजलं नाही. ते तिला कसं समजवावं हे मलाही सुचेना.

बाहेर आक्का पाटावर बसली होती. नवं लुगडं नेसली होती. आता तिला काय सांगायचं? पाडवा म्हणून थांबायला मीच लावलं, नांदेडचा डॉक्टर चोर असं मीच म्हणालो. मी ती पट्टी तिच्या गळ्यात घातली, बोंडं दोन्ही कानांत घातली, बटण दाबलं. एक निळा दिवा लागला. मी तिच्या तोंडापुढं तोंड नेऊन म्हणालो, "आक्का, ऐकू येतंय का?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. येतंय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती कडुलिंबाची वाटी उचलून निघून गेली.

पुढचे पाच महिने आक्का ते गळ्यात घालून हिंडली. रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायची. शेजारणीला सांगायची, "भावानं आणलंय. लई चांगलं येतंय." मी दुकानात बसून स्वतःची समजूत घालायचो की सवयीनं खरंच थोडं येत असेल. माणूस झेरॉक्स काढता काढता काहीही मानू शकतो. एकदा तिच्या मागं कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि ती कानात ती बोंडं घालून शांतपणे भेंडी चिरत होती. बायको धावत येऊन गॅस बंद करून मला म्हणाली, "आता तुम्ही सांगता का मी सांगू?"

किनवटच्या मुलीनंच मग मार्ग सांगितला. तिनं माझं बोलणं मनात ठेवलं नव्हतं, किंवा ठेवूनही सांगितलं. म्हणाली, "काका, मागवलं एक आणि पाठवलं दुसरंच, तर त्यांना ते परत घ्यावंच लागतं. त्यांची सात दिवसांची मुदत त्याला आड येत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं असतात. आपल्याच जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही." मी म्हणालो, हे नीटला येतं का? ती म्हणाली, नाही काका, पेपरात येतं.

पार्सल आक्काच्या नावावर मागवलं होतं, म्हणून तक्रार तिच्या सहीनं करायची होती, म्हणजे तिला खरं सांगणं आलं. मी तिला समोर बसवलं, मोठ्यानं आणि सावकाश बोललो, "आक्का, हे कानाचं मशीन न्हाई. गाण्याचं हाय. त्यांनी चुकीचं पाठवलं."

"मला ठाव हाय."

"कवापासनं?"

"पाडव्यापासनं. ती पोरगी बोलली ते मी बघितलं की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू सांगितलंस का?" ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितला.

अर्ज मी झोकात केला. पार्सलवरची चिठ्ठी, बिल, मागवलेल्या यंत्राचं चित्र, आलेल्या पट्टीचा फोटो, सगळ्याच्या प्रती मी माझ्याच दुकानात काढल्या. लागत होत्या त्याच्या दुप्पट काढल्या. आयोगाच्या कचेरीतला कारकून म्हणाला, कागद चांगले लावलेत. मला एकदम वकील झाल्यासारखं वाटलं. तारखेपर्यंत मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ग्राहकाचे हक्क समजावून सांगत होतो.

तारखेला आक्का पाडव्याचंच लुगडं नेसून आली. समोर अध्यक्ष बाई, बाजूला कंपनीचा तरुण वकील, मागं बाकावर बरीच माणसं. वकिलानं उठून एवढंच विचारलं की पाच महिने ही वस्तू वापरात कशी होती.

अध्यक्ष बाई मला म्हणाल्या, "हे श्रवणयंत्र नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बहिणीला हे घाला असं तुम्ही सांगितलंत?"

खरं उत्तर एका अक्षराचं होतं. मागच्या बाकावर माझं रोजचं एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला मी आठवडाभर हक्क शिकवले होते. मी म्हणालो, "नाही मॅडम. तिनंच घातलं. ती जरा डोक्यानं कमी आहे. भूकंपापासून. आम्हीच सांभाळतो."

बोलून मी वळलो तर आक्का माझ्या ओठांकडे बघत होती.

अध्यक्ष बाई चांगल्या होत्या. त्यांनी आक्काला जवळ बोलावलं, तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे? यंत्राचं?"

"मला लई झ्याक ऐकू येतंय," आक्का म्हणाली. "माझी काही तक्रार न्हाई."

बाईंनी पुन्हा विचारलं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दाखवलं. आक्का चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून ते वाचलं, पेन घेतला आणि खाली लिहिलं, तक्रार नाही. मग सही केली. बाईंनी तो कागद फाइलला लावला. तक्रार निकाली निघाली.

जिन्यात कंपनीच्या वकिलानं मला गाठलं. फाइल उघडून एक टाइप केलेला कागद दाखवला. "आम्ही आज तडजोडच करणार होतो, काका. माल परत, सगळे पैसे परत, वर त्रासाबद्दल थोडे. चुकीचाच माल गेला होता, आम्हाला बोलायला काय होतं? मी प्रश्न आपला विचारायचा म्हणून विचारला." त्यानं कागद परत फाइलमध्ये घातला.

आक्का दोन पायऱ्या खाली कठड्याला धरून उभी होती. मला तीस वर्षांची एक सवय होती. रागात मी तिच्यासमोर काहीही बोलायचो, आवाज न चढवता, आणि वाटायचं की ते कुठं जात नाही. तसाच बोललो. म्हणालो, "त्या दिवशी त्यांच्याबरोबर तूबी त्या घराखाली राहिली असतीस तर बरं झालं असतं."

ती वर बघत होती, उजेड माझ्या तोंडावर होता.

"मलाबी लई वर्सांपासनं तसंच वाटतंय," ती म्हणाली. "चल. पोरींची जेवायची वेळ झाली."

पुढच्याच आठवड्यात मी तिला नांदेडला नेलं. ज्यांना चोर म्हणालो होतो त्याच डॉक्टरांकडून, त्यांनी सांगितलेल्या किमतीला यंत्र घेतलं. घासाघीससुद्धा केली नाही. त्यांनी ते कानात बसवलं, तिच्या पाठीमागं गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज बाहेर ऊन फार आहे."

"आज बाहेर ऊन फार हाय," आक्का म्हणाली, आणि एकदम डोळ्याला पदर लावला. डॉक्टर खूश झाले. मीही झालो. मुहूर्त कुठला होता ते मी बघितलं नव्हतं.

एसटीत मी मनात जुळवाजुळव करत बसलो. माफी मागायची मला सवय नाही, चार वाक्यं जुळवायला अर्ध्या रस्त्यापर्यंत वेळ लागला. घसा साफ केला आणि म्हणालो, "आक्का."

तिनं कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली. "गाडी लई आवाज करती," असं म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

त्याला आता दोन वर्षं होतील. यंत्र उत्तम चालतं. किनवटच्या मुलीला शेवटी इथंच प्रवेश मिळाला, ती अजून मेसलाच जेवते. ती सांगते की मावशी आता आमच्या आधी हसतात, जेवताना आम्हाला काय काय सांगतात, भूकंपाच्या आधीचं, बाळाचं. मी त्यातलं काही ऐकलेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात आलो की आक्काचा हात कानाकडे जातो आणि ते यंत्र डबीत पडतं. मग मी चहा मागतो. पूर्वी ती माझ्या तोंडाकडे बघायची. आता भांड्याकडे बघत म्हणते, "ठिवलाय." मी काहीही मागितलं तरी तेच म्हणते.