आत्याबाई फिरायला निघतात

आमच्या आत्याबाईंइतकं हळू चालणारं माणूस अख्ख्या अमरावती जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि आपल्या चालण्याचा एवढा गाजावाजा करणारंही दुसरं कोणी नसेल. त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. सरकारी नोकरीत नर्स होत्या, आता अकोल्याला जठारपेठेत मुलाजवळ राहतात. मोर्शीकडचं आमचं गाव हे त्यांचं माहेर. गावाला लागून तलाव, तलावाला लागून संत्र्याचे बगीचे. पळसाला फुलं धरली की त्यांचे पाय अकोल्यात ठरायचे नाहीत. "तिथं माणूस फिरत नाई वं, नुसता गाड्यायच्या मंधातून सरकते," असं म्हणत त्या दरवर्षी महिनाभरासाठी एक पिशवी आणि पांढरे बूट घेऊन यायच्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र मुलानं एक अट घातली होती. एकटीनं फिरायचं नाही, आणि एकदा जरी पडली तरी गावाला जाणं कायमचं बंद. म्हणून सोबत मी. लग्न होऊन या गावात आले त्याला वीस वर्षं झाली, पण तलाव मी धुण्याच्या दगडापासून जेवढा दिसतो तेवढाच पाहिला होता. पलीकडचा काठ मला आत्याबाईंनी दाखवला.

निघण्याची तयारीच तासभर चालायची. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात बूट, हातात काठी आणि होळी जवळ आली तरी कानाला मफलर. या दिवसांतला वारा कानातून शिरतो आणि गुडघ्यातून निघतो, असं नर्सच्या पुस्तकात आहे म्हणायच्या. मी ते पुस्तक पाहिलेलं नाही. काठी जमिनीला कधी लागली नाही. ती बोट दाखवायला होती. फाटकाबाहेर पडताना त्या मला बजावायच्या, "आज बोलायचं नाई. नुसतं चालायचं. बोललं की चालल्याचा फायदा होत नाई." मी तशीही बोलत नाही, त्यामुळे हा नियम मला कधी जड गेला नाही. त्यांना मात्र तो शेजारच्या घरापर्यंतही पुरायचा नाही.

कारण वाटेत जो भेटेल त्याला आधी जयभीम नाहीतर रामराम, आणि लगेच, "जीभ दाखव." नमस्कार ऐकला की गावातली माणसं आपोआप तोंड उघडायची. मोटारसायकलवरचे, डोक्यावर पाटी असलेल्या, कोणालाच सूट नव्हती. एकदा नव्या जावयानं विचारलं, काहून दाखवू? त्यावर सासराच ओरडला, "दाखवा ना, मीबी दाखवली." एका बगीच्यात बैल चारा खात नव्हता, तर त्याचीही जीभ पाहून त्यांनी सांगितलं, "पोट साफ नाई याचं. अन् मालकाचंबी नाई."

दुसरी गोष्ट चहाची. त्या गावची लेक. सत्तरी ओलांडली तरी लेक ती लेकच, आणि लेकीला कोरडं कसं जाऊ द्यायचं? प्रत्येक ओट्यावरून हाक यायची, "आत्याबाई, या, घोटभर घेऊन जा." त्या "नको माय, आताच झाला" म्हणत म्हणत पायरी चढायच्या. तलावाचा फेरा मला एकटीला अर्ध्या तासाचा. त्यांच्याबरोबर निघालं की परत येईपर्यंत घरची माणसं जेवून उठलेली असायची.

आणि बुटाची लेस. ती रोज एकाच जागी सुटायची, बरोबर पारापुढं. त्यांच्या आईच्या वेळी आमच्या वस्तीतल्या बायका त्या पारापुढून चपला हातात घेऊन जात. आत्याबाई तिथं थांबायच्या, पाराच्या कठड्यावर पाय ठेवायच्या आणि घट्ट बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायच्या. निवांत. पारावर बसलेले म्हातारे पाटील सगळं समजून होते. एकदा म्हणाले, "आत्याबाई, तुमची लेस लय बह्याड हाये, येड्यावानी इथंच सुटते." त्या म्हणाल्या, "तिले जागा पसंत हाये पाटील. जीभ दाखवा." पाटलांनी दाखवली.

असं सगळं ठीक चाललं होतं. पण गेल्या वर्षी तलावाचं पाणी लवकर मागं सरलं आणि उघड्या पडलेल्या गाळात टरबुजाच्या वाड्या लागल्या. आत्याबाईंना जवळून पाहायचं होतं. वाडीवाला लांबूनच ओरडला, "तिकून नका येऊ आत्याबाई! वरून वाळलं, खालून ओलं हाये!"

"मले गाळ शिकवतं? या तलावात मी पोहाले शिकली तवा तुहा बाप रांगत होता."

एक पाऊल बरोबर पडलं. दुसरंही. तिसरं गुडघ्यापर्यंत आत गेलं. मग त्या खाली गेल्या, पण त्याही हळूच, जसं सगळं करायच्या तसं. मी धावले तर म्हणतात, "मी पडली नाई. बसली."

चौघांनी ओढून बाहेर काढलं. बूट आतच राहिला. पाय मुरगळला होता आणि बघता बघता घोट्याला सूज चढली. एका मिनिटात अर्धं गाव काठावर. आत्याबाईंनी काठी सगळ्यांवरून फिरवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "पोराले कळलं तर मले पुन्हा येऊ देणार नाई. कोणी बोलू नका बाप्पा." सगळ्यांनी शपथा घेतल्या. पाटील तर म्हणाले, "जीव गेला तरी नाई."

संध्याकाळी मुलाचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. पाय गोधडीखाली होता. त्यानं मला विचारलं, "वहिनी, आई बरी आहे ना?" मी म्हटलं, "हो भाऊजी." तेवढ्यावर त्याचा विश्वास बसला. कमी बोलणारी बाई खोटं बोलणार नाही असं लोकांना वाटतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. अकोल्यात दवाखान्याचं काम पडलं तर असावा म्हणून आत्याबाईंनीच मुलाचा नंबर गावभर वाटून ठेवला होता. आपल्या लेकीचं काम आपणच केलं पाहिजे म्हणून पाटलांनी सकाळीच त्याला फोन लावला. "भाऊ, कोणी काई सांगितलं तरी ध्यानात घेऊ नका. तुमच्या मातोश्री तलावात पडल्याच नाईत." मागोमाग वाडीवाल्याचा फोन. "अन् गाळात तर गेल्याच नाईत. बूट आमी काढून धुऊन ठेवला." तिसरा, ओट्यावरून चहाला बोलावणाऱ्या एका काकूंचा. "सूज उतरून राहिली बरं, पण ते पडल्याची नोहे."

दुपारी गाडी दारात उभी. मुलगा आधी आईच्या पायाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "वहिनी, तुम्हीसुद्धा?" आत्याबाई म्हणाल्या, "तिले काई म्हणू नको. मीच सांगितलं होतं." गावावर त्या रागावल्या नाहीत. मला कानात म्हणाल्या, "लपवाले लबाड माणसं लागतात वं. आपल्या गावात एक नाई सापडला."

त्याला लगेच निघायचं होतं. पण गावचा भाचा आलेला, तो कोरडा जाईल कसा? प्रत्येक ओट्यावर त्याला चहा पाजून, पाटलांनी डिकीत दोन टरबुजं ठेवून सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्याबाई मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी कोणाला जीभ दाखव म्हटलं नाही.

मुलानं शब्द पाळला. यंदा पळस फुलला, संत्र्याच्या फुलांचा वास गल्लीपर्यंत आला, पण त्या आल्या नाहीत. मी फिरणं सोडून दिलं होतं. एकटी कोणासाठी फिरू? मग एका सकाळी फोन आला. "निघाली नाई का अजून? घाल चपला."

तेव्हापासून रोज फोन कानाला लावून मी निघते. मला सगळं सांगावं लागतं. पाणी कुठवर गेलं, कोणाच्या बगीच्यात मधमाश्या जास्त आहेत, पाणकोंबडी पिल्लं घेऊन निघाली का. एवढं मी जन्मात कधी बोलले नाही. त्या अकोल्याच्या घरात, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्यातून पुढच्यात चालत ऐकत असतात. त्यांच्या सूनबाईनं सांगितलं, भिंतीला हात लावून चालतात.

काल तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढत होते. चढ फार नाही, माझं पाऊल भराभर पडत होतं. फोनमधून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, धाप लागल्यासारखा. बोलत मात्र काही नव्हत्या.

मी म्हटलं, "थांबा आत्याबाई. इथं जरा बसू."

आणि मी पाळीवर बसले.