सीटखाली जाईल अशी बॅग

नवऱ्याने हलकी बॅग घ्यायची म्हटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तीस वर्षं हा माणूस डोंबिवलीहून डोंगरात निघाला की दोर, स्टोव्ह आणि सगळ्यांच्या वाटचे तांदूळ याच्याच पाठीवर. त्याची जुनी सॅक रिकामीच अडीच किलो भरते. हलक्या सॅका घेऊन येणाऱ्यांची त्याला कीव यायची. आमचं जमलं तेही अशाच एका ट्रेकला, म्हणून अजून एकमेकांना अरे-तुरे.

यंदा जुन्या ग्रुपचं उत्तराखंडातलं एक शिखर ठरलं, आम्ही दोघंही जाणार. डेहराडूनपर्यंत विमान. गॅस विमानात चालत नाही, काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्या आणि स्लीपिंग बॅगा तिकडे भाड्याने घ्यायच्या. बूट पायात. उरलेलं सामान सात किलोंच्या आत, केबिन बॅगेत. "सामानात टाकलेली बॅग भलत्याच गावी गेली, तर वर घालायचं काय?" तो म्हणाला. हे मला पटलं.

एका शनिवारी आम्ही ठाण्याच्या दुकानात गेलो. मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो आहे. एवढी वर्षं साक्षी टाइप केल्यावर कशावर पटकन विश्वास बसत नाही. लेबलवरच्या वजनावर तर नाहीच, म्हणून पर्समध्ये हुकाचा वजनकाटा टाकून नेला होता. पहिलीच बॅग लेबलापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त भरली.

"मॅडम, ते वजन कमरेचा पट्टा काढून असतं," दुकानातली बाई म्हणाली.

"मग पट्ट्यासकट विकता कशाला?" मी विचारलं. ती दुसरी बॅग काढायला वळली.

दुसरी चांगली होती. पाठीला जाळी, बाजूला पाण्याच्या बाटलीची जागा, आणि वजन लेबलाला धरून. नवऱ्याने डाव्या हाताने उचलून बघितली आणि विचारलं, "सीटखाली जाईल का?"

"सीटखाली नाही सर, पण वरच्या कप्प्यात आरामात बसेल."

"नको. सीटखालीच जायला हवी."

हा सहा फूट उंच. एसटीत पाय मावत नाहीत म्हणून भांडून कडेची सीट घेणारा. मी विचारलं, "पाय कुठे ठेवशील?" तर म्हणाला, वर जागाच मिळत नाही. मग म्हणाला, उतरताना उशीर होतो. मग म्हणाला, मध्येच जॅकेट लागलं तर हाताशी बरी. खरं बोलणारा साक्षीदार बहुतेक वेळा एकच कारण देतो. तीन कारणं आली की आमचे जजसाहेब चष्मा काढून ठेवतात. त्या दिवशी आम्ही बॅग न घेताच परतलो.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. तो रिटायर झालाय, दिवसभर घरी असतो. पण हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी कल्याणला जायचा. बुटांचे तळ बदलायला टाकलेत, कारागीर चालढकल करतोय, असं सांगायचा. डोंबिवलीत काय बूट शिवणारे संपले? एका शुक्रवारी मी रजा घेतली होती. तो निघाल्यावर बाल्कनीतलं कपाट उघडलं. बूट तिथेच होते, तळ जुनेच.

मला काय काय वाटलं ते सगळं लिहीत नाही. छातीचं काही असेल, ही भीती सगळ्यात मोठी. आमच्या ग्रुपमधल्या एकाने बायपास अशीच लपवली होती, पार दवाखान्यात दाखल होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी कपड्यांनी भरलेली सुटकेस हॉलमध्ये ठेवली आणि म्हटलं, "एवढी माळ्यावर टाक ना."

"ठेव तिथे. टाकतो."

मी आंघोळ करून आले तर सुटकेस माळ्यावर. मला जरा हायसं वाटलं. संध्याकाळी लिफ्टपाशी शेजारचे भेटले. म्हणाले, "वहिनी, अजून काही वर टाकायचं असेल तर हाक मारा. दादांचा खांदा बरा होईपर्यंत उगाच त्यांना नको."

म्हणजे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. मला नाही.

घरात गेले, पर्सही खाली ठेवली नाही. "हात वर कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"कर तर."

त्याने डावा हात वर केला.

"दुसरा."

उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. चेहरा कसनुसा झाला.

"कधीपासून?"

"होळीच्या आसपास. कल्याणला एक फिजिओ आहे, तिच्याकडे जातो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ट्रेक रद्द केला असतास."

"केला असता."

"मग? विमानात बॅग वर ठेवताना सगळ्यांसमोर कळलं असतं. म्हणून सीटखालची म्हणत होतो."

"आणि डोंगरात? तिथे काय करणार होतास?"

"पोट बिघडलंय सांगून खेचर केलं असतं."

पुढची थापही तयार होती, हे ऐकून मला खांद्यापेक्षा जास्त लागलं. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कल्याणला गेले. फिजिओ तरुण आणि स्पष्ट बोलणारी. म्हणाली, चालायला हरकत नाही, पण पाठीवर वजन नाही, आणि जिथे दोन्ही हात लागतील तिथे जायचं नाही. तिच्यासमोरच मी त्याला ग्रुपच्या लीडरला फोन करायला लावला. स्पीकरवर.

मग बॅगा घेतल्या. त्याला लहान, सीटखालची. मला ती जाळीच्या पाठीची. त्याचं जाड जॅकेटही माझ्याच बॅगेत गेलं, तरी सात किलोंच्या आत बसलं. विमानात माझी बॅग मीच वर ठेवली. तो गुडघे छातीशी घेऊन खिडकीबाहेर बघत बसला. मला वाईट वाटलं.

खेचर पहिल्या दिवसापासूनच केलं होतं. शेवटच्या तळावर लीडरने त्याला थांबवलं. पुढे बर्फात दोर धरून चढायचं होतं. तो मान हलवून बरं म्हणाला. इतक्या लगेच बरं म्हणाला की वर पोचेपर्यंत मी चार वेळा मागे वळून पाहिलं. शिखरावर सगळे फोटो काढत होते, आणि मी खालचे तंबू शोधत होते.

दुपारी उतरलो. तो तंबूच्या तोंडाशी बसला होता.

"काय केलंस दिवसभर?" मी विचारलं.

"काही नाही. आत झोपलो होतो."

त्याचं नाक आणि गाल उन्हाने लाल झाले होते, आणि गॉगलच्या जागी डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. पलीकडे स्वयंपाकी भांडी घासत होता. तो खाली मान घालून हसत होता.

आता मी कल्याणला त्याच्याबरोबरच जाते. फिजिओ त्याला विचारते, घरी दोन वेळा व्यायाम करता ना? तो हो म्हणतो. मग ती माझ्याकडे बघते.